पडद्यावर नसलेली पाटी

गेल्या वर्षी खंडेनवमीला, सकाळी साडेदहाच्या सुमारास, अण्णांनी पडद्यावर नसलेली पाटी वाचून दाखवली. जिंतूरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, त्या वेळी तीन माणसे होती. अण्णा म्हणजे माझे वडील, वय एकोणसत्तर, व्यवसायाने पेंटर. त्यांचे जुने स्नेही शिवलिंगआप्पा, भांड्यांचे दुकानदार. आणि मी. वाचताना अण्णा अडखळले नाहीत. आवाज नेहमीसारखा मोकळा होता. त्यांनी वाचलेले शब्द मात्र समोर कुठेही नव्हते.

तो हंगाम आता पुन्हा आला आहे. गावाबाहेरच्या शेतांत मळणीयंत्रे सुरू झाली आहेत आणि दुपारी वारा फिरला की सोयाबीनचा भुसा थेट गल्लीत येतो. दोरीवरचे कपडे घरात आणताना झटकावे लागतात. ऊन पुन्हा कडक झाले आहे, पण भिंतींच्या पायाशी अजून शेवाळ आहे. अण्णा या दिवसांना रंगाचे दिवस म्हणत. पावसाळ्यात भिंत ओल सोडत नाही आणि पत्र्यावर अस्तर धरत नाही, त्यामुळे पेंटरचे खरे काम पोळ्यानंतर सुरू होते आणि दिवाळीला संपते. त्या दोन महिन्यांत आमच्या घराला इनॅमल आणि टर्पेंटाइनचा वास असे. भाकरीलाही तो वास येतो, अशी आईची तक्रार होती. यंदा वास नाही. तक्रारही नाही.

जिंतूरच्या बाजारात हाताने रंगवलेल्या पाट्या आता मोजक्या उरल्या आहेत. उरलेल्यांपैकी बहुतेक अण्णांच्या आहेत. खताची दुकाने, किराणा, शिलाई, सायकलदुरुस्ती, झरीच्या रस्त्यावरच्या एका शाळेची कमान, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर मागे लिहिलेली मालकांची नावे. पाटी रंगवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. आधी गेरूत भिजवलेले सूत पत्र्यावर ताणून टिचकी मारायची. वर एक रेघ, खाली एक रेघ. मग मजकूर खडूने न लिहिता आधी तोंडाने म्हणायचा. तीन-चार वेळा, सावकाश. म्हणताना उजव्या हाताचे बोट हवेत फिरत असे. शेवटच्या वेळी बोटाच्या जागी ब्रश यायचा. हैदराबादेत शिकून आलेल्या एका उस्तादाकडून ही पद्धत त्यांनी घेतली होती. खडूने आखून घेतलेले अक्षर भित्रे होते, असे ते म्हणत. जी पाटी तोंडपाठ नाही, ती अण्णांनी कधी रंगवली नाही.

हा तपशील मला लहानपणापासून माहीत होता. पुढे जे झाले, ते त्यामुळे टाळता आले असते.

मी अकरा वर्षे एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो. आवृत्ती बंद झाली, तेव्हा शिकता येईल ते शिकलो, आणि आता घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. रस्ट नावाच्या भाषेत. ही भाषा कडक आहे. एका वेळी एक गोष्ट एकाच्याच ताब्यात राहील, असा तिचा नियम आहे, आणि तो मोडला तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. कुठे, कोणत्या ओळीत, काय चुकले, ते ती भाषा लिहून दाखवते. बातमीच्या टेबलावर असा कडक माणूस असता तर बरे झाले असते, असे मला सुरुवातीला वाटे.

अण्णांना काचबिंदू असल्याचे त्या खंडेनवमीआधी दोन वर्षे निष्पन्न झाले होते. संभाजीनगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन बाटल्या दिल्या, दिवसातून तीनदा थेंब, आणि ठरलेल्या मुदतीने तपासणी. या आजारात नजर कडेकडून आत जाते आणि मधली शेवटी जाते, हे पहिल्याच भेटीत सांगितले होते. मी ते वहीत उतरवून घेतले. वही घरीच होती.

रोजच्या रोज काही कळावे म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. काळा पडदा, मध्ये एक ओळ. प्रोग्रॅमच्या भाषेत अशा ओळीला लेबल म्हणतात. त्यावर बोट ठेवून काही उघडत नाही, काही दाबले जात नाही. ते फक्त वाचायचे असते. अण्णांनी ओळ वाचायची. बरोबर वाचली तर मी एक कळ दाबायची आणि लेबल हिरवे होणार. चुकली तर दुसरी कळ. लेबल लाल होणार आणि पुढची ओळ थोड्या मोठ्या अक्षरात येणार. तारीख, ओळ, अक्षराचा आकार, बरोबर की चूक, एवढे एका फाइलीत आपोआप नोंदले जाई.

अशा लेबलला स्वतःची आठवण नसते. पडदा एका सेकंदात कितीतरी वेळा पुसून नव्याने रंगवला जातो आणि दर वेळी लेबलला पहिल्यापासून सांगावे लागते. मजकूर हा. आकार एवढा. रंग असा. आधीच्या क्षणी ते हिरवे होते, हे त्याला माहीत नसते. ते लक्षात ठेवण्याची जबाबदारी दुसरीकडे, लिहिणाऱ्याने ठरवलेल्या जागी असते. हे काम मी मन लावून केले. हिरवा किती गडद असावा, लाल डोळ्यांना टोचू नये, रंग बदलताना झटका बसू नये, यावर माझे चार दिवस गेले.

पहिली आवृत्ती आषाढात तयार झाली. बाहेर पाऊस होता, वीज दिवसातून तीनदा जात होती. अण्णा खुर्ची ओढून बसले, पडद्याकडे पाहिले आणि हसले.

"हे कोन्या गाढवानं लिवलं?"

"का?"

"अरे लेका, किराणाची वेलांटी उजवीकडं कशी काय? तुज्या मशिनीला कोनी शाळंत घातलं न्हाई का?"

त्यांचे बरोबर होते. मी वापरलेल्या साधनाला देवनागरी नीट जुळवता येत नव्हती. वेलांटी अक्षराच्या मागे पडत होती, जोडाक्षरे तुटत होती. मी साधन बदलले. त्यात आठवडा गेला. पण एवढी बारीक चूक त्यांनी एका नजरेत पकडली, याचा आनंद मोठा होता. आईने त्या दिवशी शिरा केला. नजर शाबूत असल्याचा पुरावा म्हणून घरात पुढे महिनाभर ती वेलांटी सांगितली जात होती.

आता मजकूर हवा होता. रोज दहा ओळी. इथे मी जे केले, ते टेबलावरच्या सवयीने केले. पान लावताना बातमी आली नसली की जागा भरायला जुना, हाताशी असलेला मजकूर टाकून ठेवतात. मी स्टँडपासून घरापर्यंत चालत आलो आणि दिसतील त्या पाट्या मोबाइलमध्ये लिहून घेतल्या. लहान शब्द, मोठे शब्द, जोडाक्षरे, आकडे, सगळे त्यात होते. अण्णांना ओळखीचे शब्द सोपे जातील, हाही विचार होता. चाळीस ओळी झाल्या. फ्लेक्सवरची अक्षरे गिचमिड असतात म्हणून ती मी सोडून दिली होती. उरल्या त्या हाताने रंगवलेल्या पाट्या.

श्रावणभर आणि भाद्रपदभर अण्णांनी त्या वाचल्या. सकाळी लिंगपूजा, कपाळाला भस्म, चहा, थेंब, आणि मग खुर्ची. मी ओळ आणायचो, ते वाचायचे, मी कळ दाबायचो, लेबल हिरवे व्हायचे. अक्षराचा आकार शहाण्णववर स्थिर होता. फाइलीत एकाखाली एक "बरोबर" लागत गेले. कधी कधी ते ओळ संपण्याआधी पुढची मागत. "हाण पुढची." त्यांचा वेग वाढत होता. वेग वाढतो म्हणजे सुधारणा आहे, असा अर्थ मी काढला आणि फोनवर नातेवाइकांना सांगितलाही.

पोळ्यानंतर तपासणीची मुदत होती. त्याच आठवड्यात एका खताच्या दुकानाचे आणि दोन ट्रॉल्यांचे काम आले. शिडीचे काम त्यांनी सोडले होते, पण ट्रॉली बसून रंगवता येते.

"डॉक्टरकडं जायचंय अण्णा," मी म्हणालो.

"तुजी मशीन काय मनायली?"

"सगळं बरोबर म्हणते."

"मंग? दिवाळी होऊ दे. दोन महिने रंगाचे, बाकी सगळं साल डॉक्टरचंच हाय की."

मी फाइल पाहिली. शहाण्णव, बरोबर. शहाण्णव, बरोबर. तपासणी दिवाळीनंतर करायचे ठरले. तो निर्णय माझा होता. डॉक्टरांना फोन करून विचारले नाही. विचारावे असे फाइलीत काही नव्हते.

त्या दोन महिन्यांत घरात आणखी काही गोष्टी झाल्या, त्यांची नोंद कुठेही झाली नाही. न्हाणीच्या उंबऱ्याला अण्णांचा पाय तीनदा लागला. आईने त्यांची चप्पल बदलली. ताटातली चटणी डाव्या कडेला तशीच राहू लागली. तिखट सोसत नसेल, असे आम्ही धरले. रंगाचा एक डबा लवंडला. गल्लीत समोरून आलेल्या माणसाने हाक मारल्याशिवाय ते थांबत नव्हते, तेव्हा लोक म्हणाले, पेंटरला पोराच्या कमाईचा माज आला. अण्णांना ही थट्टा आवडली होती. जेवताना त्यांनी ती आम्हाला दोनदा सांगितली.

खंडेनवमीला आमच्याकडे ब्रश पुजतात. त्या दिवशी काम बंद. सगळे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन, पुसून, पाटावर ओळीने लावायचे. मधे सुताची गुंडी, गेरूची वाटी, भस्म, झेंडूची फुले. गेल्या वर्षी अण्णांनी लॅपटॉपही पाटावर ठेवायला लावला. "त्याची बी अक्षरंच हायेत," ते म्हणाले. त्याला भस्माचे बोट लावताना त्यांचा हात एकदा हवेत राहिला आणि दुसऱ्या वेळी टेकला. हे मला आज आठवते. त्या दिवशी मी फोटो काढत होतो.

दहाच्या सुमारास शिवलिंगआप्पा आले. दाराशीच त्यांनी मला कोपऱ्यात घेतले.

"पेंटरला सांगू नको," ते हळू आवाजात म्हणाले. "आमी भाऊ-भाऊ येगळे झालोत. दुकानाचं नाव बदललंय. परभणीहून फ्लेक्स करून आनलाय. पोरांनी केलं रे, मी काय करू? त्यानं इचारलं तर मला तोंड न्हाई दाखवायला."

"नवीन नाव काय?"

"न्यू नीलकंठ स्टील सेंटर."

आत जाऊन नमस्कार करत ते अण्णांच्या शेजारी बसले. "शरणार्थ पेंटर."

"शरणार्थ आप्पा. या. आज ब्रशाची सुट्टी, तुमचं बी दुकान बंद दिसायलंय."

"तुमचं पोरगं तुमाला पहिलीचं पुस्तक वाचायला लावतंय मन."

"पहिलीचं न्हाई, सगळ्या बाजाराचं. दाव रे आप्पाला. तुमचं बी दुकान हाय त्यात. फुकटात जाहिरात."

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. चाळीस ओळींत त्यांचे दुकान होते, जुन्या नावाने. मी लॅपटॉप पाटावरून उचलला आणि बसता बसता ती ओळ बदलून नवे नाव टाकले. आप्पांनी सांगू नको म्हटले होते आणि मी तेच पडद्यावर आणत होतो, हे मला त्या क्षणी सुचले नाही. टेबलावर अकरा वर्षे एकच शिकवण होती, नाव जुने जाऊ द्यायचे नाही. नाव चुकले की पहिल्यांदा ते दुरुस्त करायचे, बाकीचे नंतर.

दोन ओळी झाल्या. हिरव्या झाल्या. तिसरी ती होती. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत, शहाण्णव आकारात, "न्यू नीलकंठ स्टील सेंटर".

अण्णांनी वाचले, "नीलकंठ भांडी भांडार. तांबे, पितळ व स्टीलची भांडी योग्य दरात मिळतील."

ओळीत चार शब्द होते. त्यांनी अकरा वाचले.

आप्पा पुढे वाकले. त्यांनी पडदा पाहिला, मग अण्णांचे तोंड पाहिले. तोंडावर आनंद होता. मी कळ दाबली नव्हती, त्यामुळे अक्षरे पांढरीच होती.

"हिरवं झालं का?" अण्णांनी विचारले.

मी कळ दाबली. लेबल हिरवे झाले. "झालं," मी म्हणालो. फाइलीत त्या ओळीपुढे "बरोबर" अशी नोंद गेली. ती नोंद खोटी होती. नंतर मी ती दुरुस्त केली.

आप्पांनी चहा अर्धा ठेवला. "निघतो पेंटर. उद्या सोनं द्यायला येतोच," एवढे म्हणून ते गेले. दाराबाहेर त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. 

ते गेल्यावर मी त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातले एक साधे वाक्य पडद्यावर घातले. जिल्ह्यात उद्या ढगाळ हवामान राहील, अशा अर्थाचे. अण्णा पडद्याकडे वाकले. बोट मांडीवर हलत होते.

"हे कोन्या दुकानाचंय?"

"दुकानाचं नाही अण्णा."

"मंग?"

मी चूक नोंदवणारी कळ दाबली. प्रोग्रॅमने आपले काम केले. पुढची ओळ मोठी आली. एकशेवीस. मग एकशेपन्नास. मग दोनशे. प्रत्येक ओळ आधी लाल, मग पुढची त्याहून मोठी. दोनशेवीसला पडद्यावर दोन शब्दसुद्धा मावत नव्हते.

"आता?"

"अक्षरच न्हाई रे. नुस्तं पांढरं दिसायलंय. भिंतीला चुना दिल्यावानी."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पाटावरची झेंडूची फुले तिने हळूहळू गोळा करायला घेतली. पूजा उतरवायची वेळ अजून झाली नव्हती.

भाषा कडक असली तरी ती कोणती चूक पकडते आणि कोणती नाही, याची हद्द आहे. प्रोग्रॅम तयार होताना एकही इशारा आला नव्हता. प्रत्येक गोष्ट योग्य त्याच्याच ताब्यात होती. लेबलला सांगितलेला मजकूर लेबलने दाखवला, सांगितलेला रंग घेतला. चूक होती ती मी समोर ठेवलेल्या चाळीस ओळींत. ज्या माणसाने त्या तोंडाने म्हणून म्हणून पत्र्यावर उतरवल्या होत्या, त्यालाच मी त्या वाचायला देत होतो. दोन महिने मी त्यांची नजर मोजत नव्हतो. मी त्यांची स्मरणशक्ती मोजत होतो, आणि ती उत्तम होती.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आम्ही सकाळच्या एसटीने संभाजीनगरला निघालो.  गाडीत त्यांनी खिडकीची जागा घेतली. बाहेर कापूस फुटायला लागला होता, रस्त्याच्या कडेला सोयाबीनच्या गंजी होत्या, त्यांवर निळे, पिवळे कागद. हे मी पाहत होतो. ते काय पाहत होते, मला माहीत नाही. देवगाव फाट्याच्या अलीकडे मी विचारले.

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं का?"

त्यांनी खिडकीकडून तोंड फिरवले.

"मी काय फसवायलोतो का तुला?"

"तसं नाही म्हणत."

"पहिलं अक्षर लागलं की पुढचं दिसायचं. दिसायचं म्हंजे… यायचं. मला वाटायचं, दिसायलंय. तुला बी तसंच वाटायलं. मंग मला काय ठावं?" मग ते म्हणाले, "तू हिरवं झालं मनायचास ना?"

फाट्यावर गाडी दहा मिनिटे थांबली. चहा आणू का, विचारले. नको म्हणाले. मग म्हणाले, "आन." मी दोन कप घेऊन आलो आणि त्यांच्या हाताला कप लावून दिला. त्याआधी मी कधी तसे केले नव्हते. त्यांनी ते लक्षात आल्याचे दाखवले नाही.

डॉक्टरांनी नजरेचा आलेख काढला. यंत्रात डोके टेकून बसायचे, दिवा दिसला की बटण दाबायचे. पूर्वीच्या आलेखात कडेला काळे आणि मध्ये बराच मोकळा भाग होता. नव्यात डाव्या डोळ्याचा सगळा भाग काळा होता आणि उजव्याच्या मध्ये एक छोटी मोकळी जागा. नळीतून पाहावे तेवढी, डॉक्टर म्हणाले. मी प्रोग्रॅमबद्दल सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

"अक्षर मोठं करत गेलात?"

"हो. चुकलं की मोठं."

"त्यांची नजर एवढीच राहिली आहे." त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली. "अक्षर मोठं केलंत, तसं ते या जागेच्या बाहेर गेलं. लहान करायला हवं होतं."

मुदतीत आलो असतो तर काही फरक पडला असता का, हे मी विचारले. पोळ्याच्या वेळी डोळ्यातला दाब वाढलेला सापडला असता तर औषध बदलता आले असते, असे ते म्हणाले. त्याने किती नजर राहिली असती, हे आता सांगता येणार नाही. मला जे समजले, ते एवढेच आहे. त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. औषधे बदलली. पुढे शस्त्रक्रियाही झाली. शस्त्रक्रिया उरलेली नजर राखण्यासाठी असते, गेलेली परत आणण्यासाठी नसते, हे त्यांनी आधी सांगितले आणि कागदावर सही घेतली. अण्णांनी सही मराठीत केली. रेघेच्या वर गेली, पण अक्षर सुंदर होते. नर्सने कागद दुसऱ्या नर्सला दाखवला.

घरी आल्यावर मी प्रोग्रॅम उघडला. आकार ठरवणारी ओळ एकच होती. त्यात अधिकच्या चिन्हाच्या जागी वजा घातले. चाळीस पाट्या काढून टाकल्या. रोज सकाळी मी दहा नवी वाक्ये लिहू लागलो, कुठेही न छापलेली. आई त्यांत काय असावे ते सुचवी. "आज मेथी घातलीय, लिही." आकार अठ्ठावीसवर आला तेव्हा अण्णांनी पहिले अनोळखी वाक्य वाचले. सावकाश, अक्षर शोधत, मान हलवत. "आज… घरात… मेथीची… भाजी… आहे." मग आईला हाक मारली. "भाजीत मीठ घाल मन त्याला. लिवताना इसरला आसंल."

त्यानंतर दिवाळीपर्यंतचे दिवस बरे गेले, असे म्हणता येईल. अण्णा माझ्या कामात लक्ष घालू लागले. पडद्यावरची अक्षरे त्यांना पसंत नव्हती.

"आरं, जागा सोड अक्षरात. बाजारात खेटल्यावानी उभी हायेत."

मी जागा वाढवली.

"आन पांढरा काढ. पिवळा घाल. काळ्यावर पिवळा. ट्रकाच्या मागं काय असतंय? उगं न्हाई घालत लोक."

मी लेबल पिवळे केले. वाचनाचा वेग वाढला. या वेळी ती सुधारणा खरी होती. पत्र्यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षे त्यांनी जे केले, तेच मी एका ओळीत त्यांच्या सांगण्यावरून करत होतो. आकार, रंग, मधली जागा. ते सांगायचे, मी बदलायचो, पडदा पुसून पुन्हा रंगायचा. "थोडं खाली. हां. थोडं बारीक. बस." लहानपणी मी त्यांच्या शिडीखाली डबा धरून उभा राहायचो, तेव्हाही ते असेच बोलत. फरक एवढा, की तेव्हा ते वर होते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आप्पा पुन्हा आले आणि स्वतःहून फ्लेक्सचे सांगून टाकले. अण्णा म्हणाले, "मला ठावं हाय." कसे, ते सांगितले नाही. मग विचारले, "अक्षरं कशी हायेत?" आप्पा म्हणाले, "तुमची सर न्हाई." अण्णा म्हणाले, "खोटं बोलू नका आप्पा, सणाचा दिवस हाय." दोघे हसले. आप्पा लवकर उठले.

मार्गशीर्षात पूर्ण वाक्य वाचणे थांबले. मी ओळीऐवजी एकेक शब्द दाखवू लागलो. संक्रांतीनंतर शब्दाऐवजी एकेक अक्षर. लेबल तेच होते. आत मावणारे कमी होत गेले. अण्णा अक्षर ओळखत, पण दोन अक्षरांच्या मध्ये एवढा वेळ जाई, की तिसऱ्याला पहिले काय होते ते जुळत नसे. ते जुळवून शब्द सांगायचा प्रयत्न करायचे आणि मग स्वतःच थांबायचे. "न्हाई. हे मी वळखायलोय, वाचायलो न्हाई. चूक घाल." मी चूक घालायचो. लाल रंग मी तोवर काढून टाकला होता, पण नोंद चालू होती.

फाल्गुनात एका सकाळी पूजा झाल्यावर ते खुर्चीकडे आले नाहीत. बाजेवर बसून राहिले. मी लॅपटॉप तिकडे नेला.

"आज नको," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी विचारले नाही. फाइलीतली शेवटची नोंद त्याआधीच्या दिवसाची आहे. अक्षर "र", आकार वीस, पिवळा, चूक.

मी टेबलावर असताना शीर्षके लावण्यात हुशार समजला जात होतो. किती अक्षरे किती जागेत बसतील, हे मला न मोजता कळे. गेल्या वर्षभरात मी त्या हंगामाला शीर्षक द्यायचा प्रयत्न अनेकदा केला आहे. दोष कोणाचा, हे त्यात स्पष्ट यायला हवे आणि ते एका ओळीत मावायला हवे. मावते. एवढ्या लहान ओळीत मावते, की ती छापायला कोणी जागाही ठेवणार नाही.

यंदा पोळ्यानंतर कोणी काम घेऊन आले नाही. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एकाने ट्रॉली रंगवायची म्हणून फोन केला होता. आईने उचलला आणि काय ते सांगितले. पलीकडच्या माणसाने अण्णांची तब्येत विचारली. अण्णा बाजेवरून ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी ट्रॉलीचा रंग कोणता, एवढेच विचारले. आईने विचारला नव्हता.

भुशाचा वारा सुटला की ते खिडकीकडे तोंड करतात. "सोयाबीन निघायलंय," म्हणतात. कोणाचे, कुठले, ते सांगत नाहीत. परवा आप्पा येऊन बसले होते. बाजारात काय काय बदलले, ते अण्णा एकेक दुकान घेऊन विचारत होते. स्टँडपासून सुरुवात केली. आप्पा खरे तेच सांगत होते. फ्लेक्स. फ्लेक्स. बंद पडले. फ्लेक्स. रंग उडाला, पण आहे. अण्णा प्रत्येक उत्तराला "हं" म्हणत आणि पुढच्या दुकानावर जात. चौकाच्या अलीकडे आप्पांनी पाणी मागितले.

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात संभाजीनगरला तपासणी झाली. दाब आटोक्यात आहे. डाव्या डोळ्याला प्रकाश कळत नाही. उजव्या डोळ्यासमोर एक फुटावर हात हलवला, तर तो हलला एवढे कळते.